चार रुपयांचा गोलंदाज

सन १८९२ च्या सुमारास पुण्याच्या लष्कर भागात गोऱ्या साहेबांचा एक क्लब होता. पूना क्लब हे त्याचे नाव. कामकाज आटोपले की साहेब लोक तेथे येत. कोणी टेनिस खेळे, तर कोणी क्रिकेट. त्यांच्या येण्यापूर्वी मैदान सिद्ध करून ठेवण्यासाठी क्लबने काही नोकर ठेवले होते. त्यांत सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा होता. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, सरावासाठी जाळ्या उभाराव्या, टेनिसच्या मैदानावर रेघा आखाव्या, हे त्याचे काम. या कामाबद्दल त्याला दरमहा चार रुपये मिळत. ज्या वयात आजची मुले शालान्त परीक्षेच्या अभ्यासात गढून गेलेली असतात, त्या वयात हा मुलगा दुसऱ्यांच्या खेळाची तयारी करून घरसंसाराला हातभार लावीत होता. पुढे हाच मुलगा भारताचा पहिला थोर गोलंदाज म्हणून विख्यात झाला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

पालवणकरांचे मूळ घराणे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे चर्मकार समाजातले होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य लेखून गावाबाहेर ठेवीत, सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत आणि देवळाची पायरीही चढू देत नसत. बाळूचे वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे हे कुटुंब पुण्यास आले. लष्करातील अंमलदार क्रिकेट खेळत आणि जुन्या झालेल्या बॅटी व चेंडू टाकून देत. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम ते उचलून आणीत व त्यांवर खेळत. अशा रीतीने साहेबांच्या टाकून दिलेल्या साहित्यावर या दोघा भावांचे खेळाचे शिक्षण सुरू झाले.

शाळेतील शिक्षण मात्र फार काळ चालू शकले नाही. घरात खाणारी तोंडे अधिक आणि मिळकत थोडी. मुलगा थोडा कर्ता झाला की त्याने चार पैसे मिळवून आणावे, हीच त्या काळच्या गरीब घरांची रीत होती. बाळूने प्रथम पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात काम धरले. मैदान झाडणे, रूळ ओढणे आणि प्रसंगी सराव करणाऱ्या खेळाडूंना चेंडू टाकणे, या कामासाठी त्याला महिन्याला तीन रुपये मिळत. तेथून तो पूना क्लबात आला. पगारात एका रुपयाची वाढ झाली. एक रुपया म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे. परंतु तीन रुपये मिळविणाऱ्या मुलाच्या घरी तिचे मोल मोठे होते.

पूना क्लबातील एका साहेबाने या मुलाला एके दिवशी गोलंदाजी करावयास सांगितले. बाळू डाव्या हाताने संथ चेंडू टाकी. गोऱ्या गोलंदाजांची हातोटी त्याने दुरून न्याहाळली होती आणि मनात साठविली होती. चेंडू कोठे टाकावा, किती उंच सोडावा, बोटांनी त्याला किती फिरक द्यावी, हे त्याने पाहून पाहून आत्मसात केले. एकाच ठिकाणी टप्पा टाकून तो एक चेंडू आत वळवी, तर दुसरा सरळ नेई. हाताची फेक मात्र दोन्ही वेळा सारखीच दिसे. थोड्याच दिवसांत क्लबातील सभासद त्याच्या गोलंदाजीवर सराव करू लागले.

या सभासदांत ग्रेग नावाचे एक कॅप्टन होते. त्या काळी भारतात असलेल्या इंग्रज फलंदाजांत त्यांची गणना अग्रभागी होई. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूच्या गोलंदाजीवर एकट्यानेच सराव करीत. बाळूने आपल्याला बाद केले की ते त्याला आठ आणे बक्षीस देत, अशी आठवण सांगितली जाते. त्या काळी एका रुपयाचे सोळा आणे होत. म्हणजे या चतुर फलंदाजाला आठ वेळा चकविले की बाळूच्या पदरात महिन्याच्या पगाराएवढी रक्कम पडे. जो मुलगा एका चेंडूवर आठ आणे मिळवू शकतो, त्याचा टप्पा कधी चुकणार? तासन् तास चाललेल्या या मेहनतीने ग्रेग साहेबांची फलंदाजी सुधारली; परंतु त्याहून अधिक सुधारली ती बाळूची गोलंदाजी.

एक गोष्ट मात्र कधी घडली नाही. पूना क्लबात इतकी वर्षे काढली, हजारो चेंडू टाकले. पण बाळूच्या हाती तेथे कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी करणे हा सभ्य गृहस्थांचा मान आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशी तेथील समजूत होती. ही समजूत इंग्लंडातूनच आलेली होती. तेथे हौसेने खेळणारे खेळाडू आणि पैसे घेऊन खेळणारे खेळाडू असे दोन वर्ग मानले जात. एकाच संघात खेळत असूनही दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, आणि अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याचे दरवाजेही निराळे असत. हौशी खेळाडूला गृहस्थ म्हणत आणि पैसे घेणाऱ्याला नुसते खेळाडू. इंग्लंडच्या क्रिकेटमधील हा भेद १९६२ मध्ये रद्द करण्याचे ठरले. त्याआधी सत्तर वर्षे, पुण्याच्या मैदानावर चार रुपयांवर राबणारा एक मुलगा तोच भेद मुकाट्याने सोशीत होता.

येथे एक प्रश्न उभा राहतो. सोळा वर्षांच्या मुलाने खेळाचे पैसे घ्यावे काय? खेळ ही निखळ आनंदाची गोष्ट आहे, तिला पैशाचा स्पर्श झाला की ती विटाळते, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. परंतु असे म्हणणाऱ्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ चूल पेटत होती. बाळूच्या घरी ती पेटावी यासाठीच त्याला रूळ ओढावा लागत होता. मोबदला घ्यावयाचा नाही असा कोणी दंडक घातला असता, तर तो मैदान सोडून दुसऱ्या एखाद्या मजुरीला गेला असता आणि त्याच्या बोटांतील कला जगाला कधी दिसलीच नसती. चार रुपयांनी त्याला मैदानाचे दार उघडून दिले, यात शंका नाही. परंतु त्याच चार रुपयांनी त्याला दारातच उभे करून ठेवले, हेही तितकेच खरे. क्लबने त्याचा हात विकत घेतला. त्याला शिकविण्याची, त्याला खेळाडू म्हणून पुढे नेण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही. बाळूचे पुढील सारे आयुष्य म्हणजे त्या दारातून आत जाण्यासाठी केलेली धडपड होय.

त्या काळी पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता. गोऱ्यांच्या संघाशी सामना खेळून त्याला हरवावे, अशी त्यातील मंडळींची ईर्षा होती. पुण्यातील सर्वांत कुशल हिंदू गोलंदाज कोण, हे सर्वांना ठाऊक होते. पण तो अस्पृश्य. त्याला संघात कसे घ्यावे, यावरून क्लबात तट पडले. काहींनी त्याचा पक्ष घेतला, तर काहींनी कडाडून विरोध केला. अशा गोलंदाजाला दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेग साहेबांनीच उघडपणे म्हटले. अखेर खेळाच्या गरजेपुढे रूढीने अर्धे पाऊल मागे घेतले आणि बाळूला संघात जागा मिळाली.

हे पाऊल अर्धेच होते. मैदानावर सारे खेळाडू बाळूने हाताळलेला चेंडू हाताळीत. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून पेल्यातून चहा घेत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाच्या वेळी त्याचे ताट निराळ्या टेबलावर मांडले जाई. सामना जिंकून देणारा हात चालत असे. त्या हाताचा माणूस पंगतीला चालत नसे. बाळूने या अपमानाला शब्दाने उत्तर दिले नाही. त्याने चेंडूने उत्तर दिले. त्याच्या गोलंदाजीच्या बळावर हिंदूंच्या संघाने पुण्याच्या गोऱ्या संघाला हरविले.

पुढे साताऱ्याच्या गोऱ्यांशी सामना ठरला. बाळूची कीर्ती तेथवर पोहोचली होती. त्याचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी कित्येक दिवस रूळ फिरवून खेळपट्टी दगडासारखी टणक करून ठेवली. तथापि ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रूळ ओढला होता, त्याला खेळपट्टीची नाडी साहेबांहून अधिक कळत होती. बाळूने सात बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. संघ पुण्यास परतल्यावर मोठा गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या थोर सुधारकांनी बाळूची जाहीर प्रशंसा केली. ज्याच्याबरोबर आपण खेळतो, त्याच्याबरोबर जेवण्यास संकोच का वाटावा, हा विचार पुण्याच्या काही घरांतून त्या दिवसांत प्रथमच बोलला जाऊ लागला.

पुण्यात प्लेगचा कहर झाला, त्या सुमारास बाळू मुंबईस आले. येथे त्यांनी प्रथम लष्करात चाकरी केली. मुंबईत १८९४ साली हिंदू जिमखान्याची स्थापना झाली होती. तेथेही त्यांच्या प्रवेशाला विरोध झाला आणि तेथेही गुणांपुढे विरोधाला हार खावी लागली. पुढे बाळूंना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. मुंबई, बडोदे आणि मध्य हिंदुस्थान यांना जोडणारी ही रेल्वे म्हणजेच आजची पश्चिम रेल्वे. वसई आणि विरार येथील मुले ज्या लोहमार्गावरून रोज प्रवास करतात, तो याच रेल्वेने बांधला. १८६७ साली पहिली उपनगरी गाडी विरारहून मुंबईस गेली, तीही याच मार्गाने.

या रेल्वेची नोकरी बाळूंच्या आयुष्यात फार महत्त्वाची ठरली. तेथे त्यांना महिन्याचे निश्चित वेतन मिळू लागले आणि रेल्वेच्या संघातून खेळण्याची संधीही लाभली. पूना क्लबात एखादे दिवशी हात दुखावला असता, तर चार रुपयेही गेले असते. येथे मात्र खेळ थांबला तरी घर थांबणार नव्हते. पोटाची चिंता दूर झाल्यावर खेळाडू किती मोकळ्या मनाने खेळू शकतो, हे पुढील काही वर्षांत दिसून आले. भारतातील रेल्वे, पोलीस आणि बँका यांनी पुढे असंख्य खेळाडूंना नोकऱ्या देऊन पोसले. त्या वाटेवरून फार आधी चालून गेलेल्यांपैकी बाळू हे एक होत.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि गोरे यांच्यात मोठा सामना झाला. सामना पाहण्यास हजारो लोक लोटले होते. हिंदूंच्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. गोऱ्यांच्या पहिल्या डावात १९१ धावा झाल्या. दुसऱ्या डावात त्यांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. परंतु बाळूंच्या गोलंदाजीपुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि सारा संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळविला. राज्य करणारे गोरे हरले, याचा आनंद देशभर झाला. परंतु विचारवंतांना त्याहून मोठा आनंद दुसऱ्याच गोष्टीचा वाटला. या चर्मकार बंधूंना संघात घेतले नसते तर हा विजय मिळाला नसता, ही गोष्ट त्या काळच्या वृत्तपत्रांनीही नमूद केली.

सन १९११ मध्ये भारताचा संघ प्रथमच इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. हिंदू, मुसलमान आणि पारशी या तिन्ही समाजांचे खेळाडू त्यात होते. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार होते. परक्या हवेत आणि ओल्या खेळपट्ट्यांवर भारतीय खेळाडूंची दैना उडाली. तेवीस सामन्यांपैकी पंधरा सामने त्यांनी गमावले आणि केवळ सहा जिंकले. या पडत्या काळात एकटे बाळू दीपस्तंभासारखे उभे राहिले. वयाची पस्तिशी उलटलेली, खांदा दुखत असलेला. तरीही त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे सरासरीने एकोणीस धावाही दिल्या नाहीत. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच डावात आठ गडी बाद केले. पुण्याच्या मैदानावर साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकणारा मुलगा आता साहेबांच्या देशात त्यांचे संघ गारद करीत होता. दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनाही बाळूंच्या पराक्रमाचा अभिमान वाटे.

बाळू इंग्लंडहून परतल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९१२ साली, स्वीडनमधील स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने झाले. अमेरिकेतील आदिवासी समाजाचा जिम थॉर्प हा तरुण तेथे दोन सुवर्णपदके जिंकून आला. परंतु लवकरच असे उघडकीस आले की, १९०९ आणि १९१० साली, शिक्षणात खंड पडला असताना, त्याने थोड्याशा पैशांसाठी बेसबॉलचे सामने खेळले होते. पैसे घेणाऱ्याला ऑलिंपिकमध्ये भाग घेता येत नाही, असा तेव्हा नियम होता. त्याची पदके परत घेण्यात आली. थॉर्प १९५३ मध्ये मृत्यू पावला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९८२ साली, त्याच्या पदकांचा मान परत देण्याचे ठरले. आणि आपापल्या प्रकारातील एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद व्हावयास २०२२ साल उजाडले. पैसे घेऊ नयेत हा नियम वरवर सर्वांना सारखा होता. परंतु त्याची शिक्षा गरिबालाच भोगावी लागली. पुण्याच्या बाळूची आणि अमेरिकेच्या जिमची कधी भेट झाली नाही. पण दोघांची कथा एकच आहे.

बाळूंना अखेरपर्यंत एका मानाची आस होती, ती म्हणजे हिंदू संघाच्या कर्णधारपदाची. अनुभवाने आणि कर्तृत्वाने ते सर्वांत वरचढ होते. त्या काळी मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी आणि गोरे यांच्यात चौरंगी सामने भरत. वर्षामागून वर्षे गेली, परंतु दर वेळी कर्णधारपद दुसऱ्याकडेच गेले. गोलंदाजी करण्यास बाळू हवे. आज्ञा देण्यास मात्र नकोत. पूना क्लबात बॅट मिळाली नाही, येथे नेतृत्व मिळाले नाही. दोन्हींमागचे कारण एकाच मुळातून उगवलेले होते. १९२० साली त्यांना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी स्वाभिमानाने आपली नावे मागे घेतली. लोकांत मोठा क्षोभ झाला. अस्पृश्यता हा हिंदू समाजावरील कलंक आहे, असे महात्मा गांधी त्या वेळी गावोगाव सांगत होते. अखेर तिघा भावांना परत बोलावण्यात आले. बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि कर्णधार पै हे काही काळ मैदानाबाहेर राहिल्यामुळे बाळूंनी संघाचे नेतृत्वही केले.

पूर्ण मान मिळाला तो धाकट्या भावाला. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाने चौरंगी सामन्यात विजेतेपद पटकाविले. थोरल्या भावाने ज्या दारावर तीस वर्षे धडका दिल्या, ते दार धाकट्यासाठी उघडले. विठ्ठलांनी पुढे आपल्या क्रीडाजीवनाची कहाणी मराठीत लिहिली आणि ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. पालवणकर बंधूंविषयी आज जी माहिती उपलब्ध आहे, तिच्यातील बराच भाग या पुस्तकामुळे टिकून राहिला. खेळाच्या जोडीला लेखणी हाती असली, तर माणसाच्या कष्टांची नोंद राहते, हे त्यावरून ध्यानात येते.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळूंनी आपले लक्ष समाजकार्याकडे वळविले. १९३२ सालच्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉक्टर आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. दलितांच्या उद्धाराचा मार्ग कोणता, याविषयी दोघांची मते भिन्न होती; परंतु तो उद्धार व्हावा, ही तळमळ दोघांचीही होती. ४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर यांचे मुंबईत निधन झाले. प्रथम दर्जाच्या तेहतीस सामन्यांत १७९ बळी, एवढीच त्यांच्या नावावरची आकडेवारी. पूना क्लबातील जाळ्यांत टाकलेले चेंडू आणि घेतलेले बळी यांची मोजदाद कोठेही झालेली नाही.

बाळूंच्या काळापासून आजवर खेळाची सृष्टी पार पालटली आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये विरारच्या एका चौदा वर्षांच्या मुलाने मुंबईतील हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा केल्या. तो पृथ्वी शॉ १८ वर्षांचा असताना, २०१८ साली, भारताच्या कसोटी संघातून खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलाला एका व्यावसायिक संघाने एक कोटी दहा लाख रुपयांना घेतले. चार रुपयांच्या जागी कोटी रुपये आले. परंतु जुना प्रश्न नव्या रूपाने तसाच उभा आहे. वसई-विरारच्या मैदानांवर सकाळी पाठीला किट अडकवून धावणाऱ्या मुलांच्या आईबापांनाही तो कधी ना कधी पडतो. मुलाने खेळाचे पैसे घ्यावे काय? घेतले, तर शाळेचे काय?

या प्रश्नाचा विचार कायद्यानेही केला आहे. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास भारतात मनाई आहे. २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्यात खेळ आणि कला यांना काही अटींवर सूट दिली आहे. त्यातील मुख्य अट अशी की, अशा कामामुळे मुलाच्या शालेय शिक्षणाला बाध येता कामा नये. २०१७ च्या नियमांनुसार अशा मुलाकडून दिवसाकाठी पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, त्याच्या संमतीशिवाय त्याला त्यात भाग घेण्यास लावता येत नाही आणि त्याच्या मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्याच नावाने बँकेत ठेव म्हणून ठेवावा लागतो. बाळूच्या लहानपणी यांपैकी एकही कवच नव्हते. किती चेंडू टाकावे, हे त्याच्या खांद्याने नव्हे, तर साहेबांच्या हौसेने ठरत असे.

म्हणून बाळूंच्या चरित्राचे उत्तर केवळ होय किंवा नाही असे नाही. गरीब घरातील गुणी मुलाला मोबदला नाकारणे म्हणजे त्याला मैदानाबाहेर घालविणे होय. बाळूने आपल्या आयुष्याने हे दाखवून दिले. पण केवळ मोबदला दिला म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. हेही त्याच आयुष्याने दाखविले. खेळाडूचा खांदा एके दिवशी थकतो. त्या दिवशी त्याच्याजवळ शिक्षण, एखादी नोकरी अथवा साठविलेला पैसा आणि लोकांत मानाने बसण्याची जागा यांपैकी काय उरेल, याचा विचार करार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी करावयास हवा. बाळूंना रेल्वेची नोकरी मिळाली आणि भावांची साथ लाभली. मान मात्र त्यांना इंच-इंच लढवून मिळवावा लागला. त्यांच्यासारखेच रूळ ओढणारे, जाळ्यांत चेंडू टाकणारे किती मुलगे त्या काळी अनेक मैदानांवर राबत होते आणि हात थकल्यावर कोठे गेले, त्यांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत.